गप्पीची मादी दुसरीचं पाहून नर निवडते का? घरच्या टँकमध्ये करायचा प्रयोग, पहिल्या पिल्लापासून शेवटच्या आकड्यापर्यंत

डासांच्या अळ्या खातात म्हणून महापालिकेचा मलेरिया विभाग डबक्यांत, कारंज्यांत आणि बंद पडलेल्या टाक्यांत जे गप्पी मासे सोडतो, ते मूळचे त्रिनिदाद, व्हेनेझुएला, गयाना या भागातल्या ओढ्यांमधले. त्या ओढ्यांमध्ये आणि जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये या अडीच-तीन सेंटिमीटरच्या माशावर जितका अभ्यास झाला आहे, तितका फार थोड्या माशांवर झाला असेल. अभ्यासाचा एक मोठा विषय म्हणजे मादीची निवड. मादी राखी, साधी. नराच्या अंगावर नारिंगी, काळे, निळसर ठिपके, आणि दोन नर कधी सारखे नसतात. मादीला बहुतेक वेळा जास्त नारिंगी नर आवडतो. पण ती एकटीच्या डोक्याने ठरवत नाही. आजूबाजूच्या माद्या काय करतात, तेही ती बघते.

अमेरिकी जीवशास्त्रज्ञ ली ॲलन डुगाट्किन यांनी १९९२ मध्ये हे फार सोप्या मांडणीने दाखवलं. टँकच्या दोन टोकांना दोन नर, मधे पारदर्शक नळकांड्यात एक मादी. एका नराजवळ दुसरी मादी ठेवायची. मधल्या मादीला दहा मिनिटं ते बघू द्यायचं, मग दुसरी मादी काढून घ्यायची आणि मधलीला मोकळं सोडायचं. २० पैकी १७ वेळा ती त्याच नराकडे गेली, ज्याच्याजवळ आधी दुसरी मादी होती.

मांडणी सोपी असली तरी निष्कर्ष काढणं सोपं नाही. गप्पी हा थव्याने राहणारा मासा. जिथे दुसरी मादी होती तिथे मधली मादी गेली, तर तिने नर निवडला की फक्त मैत्रीण शोधली? या प्रयोगाची सगळी मेहनत हा एक संशय दूर करण्यात आहे, आणि कॉलेजच्या प्रकल्पांत नेमकी तीच वगळली जाते. म्हणून खाली टँकपेक्षा नियंत्रण-चाचण्यांवर जास्त लिहिलं आहे.

पुढे जी मादी बघते तिला 'प्रेक्षक', जिला नराजवळ ठेवतो तिला 'सोबतीण', आणि सोबतिणीचं पाहून तोच नर निवडण्याला 'नक्कल' म्हटलं आहे.

मासे: तीन महिने आधी सुरुवात

दुकानातून मादी आणली आणि दुसऱ्या दिवशी प्रयोग केला, असं इथे चालत नाही. दुकानातली जवळजवळ प्रत्येक मोठी मादी गाभण असते. शिवाय गप्पीची मादी नराचे शुक्राणू महिनोन्‌महिने साठवून ठेवते, त्यामुळे नर बाजूला केला तरी ती पिल्लं देत राहते. गाभण मादीला नरात फारसा रस नसतो. ती दोन्ही टोकांना सारखीच फिरते किंवा नरापासून लांब राहते, आणि आकडे काहीच सांगत नाहीत.

मादी दोनच परिस्थितींत खरी निवड करते: नराशी कधीच संबंध आला नसेल तेव्हा, किंवा पिल्लं दिल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत. पहिला मार्ग लांबचा पण खात्रीचा.

त्यासाठी सहा ते आठ गाभण माद्या घ्या. लांब झुपकेदार शेपटीच्या शोभेच्या जाती नकोत, कारण त्यांच्या नरांना नीट पोहता येत नाही आणि शेपटीचा आकारच निवडीवर हावी होतो. आखूड शेपटीचे, डबक्यात आढळतात तसे साधे गप्पी घ्या. पाणी २५ ते २७ अंश. गप्पीला थोडं जड पाणी मानवतं, त्यामुळे बोअरचं पाणी चांगलं. तलावाचं मऊ पाणी असेल तर फिल्टरमध्ये मूठभर शिंपल्यांचा चुरा ठेवा. नळाचं पाणी किमान २४ तास हवा सोडून शिळं करा किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब टाका.

मादी साधारण चार आठवड्यांनी पिल्लं देते. एका वेताला वीस ते चाळीस धरा, पहिलटकरणीला कमी. आई पिल्लं खाते, म्हणून टँकमध्ये जावा मॉस या पाणवनस्पतीचा गच्च झुपका हवा आणि पिल्लं दिसली की त्याच दिवशी वेगळी काढायची. दीडशे ते दोनशे पिल्लं हाताशी असली, तर त्यातून वापरता येतील अशा सत्तर-ऐंशी माद्या मिळतात.

नर-मादी वेगळे करताना घाई आणि उशीर दोन्ही नडतात. दोन-तीन आठवड्यांच्या मादीच्या पोटाच्या मागच्या भागात काळसर डाग दिसू लागतो. नराचा पोटाखालचा गुदपर चौथ्या आठवड्याच्या आसपास लांबट, टोकदार होऊ लागतो. पुढे त्याचाच गोनोपोडियम, म्हणजे मादीत शुक्राणू सोडायचा अवयव, बनतो. तिसऱ्या आठवड्यापासून दर दोन दिवसांनी पिल्लं उथळ पांढऱ्या वाटीत घेऊन भिंगाखाली बघा. पराचं टोक जरा जरी लांबट वाटलं, तरी तो मासा माद्यांच्या टँकमधून बाहेर काढा. एक नर चुकून आठवडाभर राहिला, तर त्या टँकमधल्या सगळ्या माद्या प्रयोगातून बाद समजायच्या. हा नियम कडक वाटतो, पण नंतर कोणती मादी लागली आणि कोणती नाही, हे बाहेरून कळत नाही. म्हणून माद्या एका मोठ्या टँकमध्ये न ठेवता पंधरा-वीसच्या गटांनी वेगवेगळ्या टँकमध्ये वाढवा. एक गट गेला तरी बाकीचे वाचतात.

अडीच-तीन महिन्यांत माद्या तयार होतात. तोवर त्यांना दिवसातून दोनदा बारीक केलेलं फ्लेक फूड आणि आठवड्यातून तीनदा आर्टेमियाची (कोळंबीसारख्या बारीक जीवाची) ताजी पिल्लं द्या.

नरांच्या जोड्या

नर वेगळ्या टँकमध्ये, माद्यांच्या नजरेआड. याला कारण आहे. गप्पी माद्यांना ओळखीच्या नमुन्यापेक्षा नवा, दुर्मीळ नमुना जास्त खेचतो. रोज काचेतून दिसणारा नर प्रयोगात आला, तर तुम्ही नकलेऐवजी ओळख मोजत बसाल. ओळख लागायला फार दिवस लागत नाहीत. थव्यातल्या माशांना एकमेकांची ओळख पटायला साधारण बारा दिवस पुरतात, असं आढळलं आहे.

नारिंगी रंगाचा मोठा भाग खाण्यातल्या कॅरोटिनॉइड या पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्यांमधून येतो, म्हणून सगळ्या नरांना निदान महिनाभर एकच खाद्य द्या. मग प्रत्येक नराला पातळ काचेच्या अरुंद डबीत घेऊन, मागे ग्राफ पेपर लावून, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. प्रकाश तोच, अंतर तेच. फोटो इमेज-जे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून अंगाचं एकूण क्षेत्र आणि नारिंगी ठिपक्यांचं क्षेत्र मोजा, शेपूट सोडून. दोन बाजूंची सरासरी घ्या.

पहिल्या प्रयोगासाठी जवळजवळ सारख्या नरांच्या जोड्या लावा. लांबीत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको आणि नारिंगी क्षेत्र शक्य तितकं सारखं हवं. फरक मोठा असेल तर नक्कल दिसणारच नाही, आणि त्याचा पुरावा आहे. डुगाट्किन यांनी १९९६ मध्ये दोन नरांतला नारिंगी रंगाचा फरक वाढवत नेला. फरक सुमारे १२ टक्के किंवा २५ टक्क्यांच्या आसपास असताना, फिक्या नराजवळ सोबतीण दिसली की माद्या फिक्या नराकडे वळत होत्या. तोच फरक ४० टक्क्यांवर गेला तेव्हा सोबतिणीचा उपयोग होईना, माद्या भडक नराकडेच गेल्या. म्हणजे अंगभूत आवड आणि पाहून शिकलेली आवड यांची ओढाताण चालते, आणि कोण जिंकेल हे नरांतल्या फरकावर ठरतं.

दहा जोड्या तरी हव्यात. एकाच जोडीवर वीस माद्या तपासल्या, तर तुम्हाला त्या दोन नरांबद्दल कळतं, गप्पींबद्दल नाही.

टँक

मुख्य टँक ६० बाय ३० बाय ३० सेंटिमीटर, म्हणजे बाजारातला दोन फुटी. पाणी २० सेंटिमीटरपर्यंत. दोन्ही टोकांना बाहेरून चिकटून दोन छोटे टँक, ३० सेंटिमीटर रुंद आणि १५ खोल, पाण्याची पातळी तीच. यांत नर. नर वेगळ्या टँकमध्ये ठेवण्याचा फायदा असा की वासाचा प्रश्न मिटतो, प्रेक्षक फक्त डोळ्यांनी ठरवते.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. दोन काचा एकमेकींना टेकल्या आणि मुख्य टँक नराच्या टँकपेक्षा उजळ असला, की ती काच आरशासारखी वागते. मादीला तिथे नराऐवजी स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं. ती काचेला नाक लावून वर-खाली पोहत राहते, तुम्ही ते 'नराजवळचा वेळ' म्हणून लिहिता, आणि ती प्रत्यक्षात प्रतिबिंबाशी थवा करत असते. नराचा टँक मुख्य टँकइतकाच, शक्यतो किंचित जास्त उजळ ठेवा. तपासायला डोळा मादीच्या उंचीवर आणून मुख्य टँकच्या दुसऱ्या टोकातून बघा. नर स्पष्ट दिसला पाहिजे, मागची खोली किंवा तुमचा चेहरा दिसता कामा नये.

बाकी रचना अशी:

- मुख्य टँकच्या दोन्ही टोकांपासून ७ सेंटिमीटरवर बाहेरच्या काचेवर मार्करने उभी रेघ. हा साधारण मादीच्या दोन लांब्यांचा पट्टा, याला 'नराजवळ' धरायचं. मधला ४६ सेंटिमीटर तटस्थ.
- मधोमध पारदर्शक नळकांडं, व्यास १० ते १२ सेंटिमीटर, दोन्ही तोंडं उघडी, पाण्याबाहेर येईल इतकं उंच. मोठ्या प्लॅस्टिकच्या बरणीचा तळ कापून हे होतं. कापलेली कड सॅंडपेपरने घासा.
- दोन सारखे पारदर्शक डबे, १० बाय ७ सेंटिमीटर आणि २५ उंच, तळ बंद. टँकचंच पाणी भरून दोन्ही टोकांना काचेला लागून उभे करा. एकात सोबतीण बसेल, दुसरा रिकामा. डबे हलू नयेत म्हणून आत एक-एक काचेची गोटी.
- मुख्य टँक आणि नरांचे टँक यांच्यामध्ये सरकवता येतील असे दोन काळे कार्ड.
- डबे आणि नळकांडं वर खेचायला आडव्या काठीवरून घेतलेली नायलॉनची दोरी, जिचं टोक पडद्यामागे तुमच्या हातात.

सोबतिणीला बंद डब्यात ठेवण्यामागेही कारण आहे. ती मोकळ्या पाण्यात असेल तर काढताना जाळी फिरवावी लागते, प्रेक्षक घाबरते, आणि सोबतिणीचा वास त्या टोकाला राहतो. डबा उचलला की मासा आणि पाणी दोन्ही एकदम बाहेर. दोन्ही डबे उचलल्यावर पाण्याची पातळी साधारण दीड सेंटिमीटर उतरते, त्याने बिघडत नाही. मात्र दोन्ही डबे एकाच वेळी उचला. एकच उचललात तर त्या टोकाला झालेली हालचाल हीच खूण ठरते.

हीटर आणि फिल्टर चाचणीच्या वेळी बंद, शक्यतो बाहेर. हीटरच्या टोकाला पाणी अर्ध्या अंशाने गरम राहिलं तरी मादी तिकडे रमते. दिवा बरोबर मधोमध वर. खिडकी टँकच्या एका बाजूला असेल तर जाड पडदा. तळाला फिक्या रंगाची वाळू पसरा. नुसत्या काचेच्या तळावर मासे बिथरतात.

चाचणी

वेळ सकाळची ठेवा. गप्पी नर सकाळी आणि संध्याकाळच्या मंद उजेडात जास्त प्रणय करतात. खाणं दोन तास आधी द्या. उपाशी मासा दोरी हलली तरी वर येतो, नुकताच जेवलेला सुस्त पडतो.

सोबतीण कोणत्या टोकाला, हे नाणं उडवून ठरवा, पण वीस चाचण्यांत दोन्ही बाजू दहा-दहा येतील अशी आधीच यादी करा. सोबतीण प्रेक्षकापेक्षा थोडी मोठी घ्या, तीन-चार मिलिमीटरने. डुगाट्किन आणि गोडिन यांनी १९९३ मध्ये दाखवलं की लहान वयाच्या माद्या मोठ्या माद्यांची नक्कल करतात, मोठ्या मात्र लहानांची करत नाहीत. लहान सोबतीण घेतली तर प्रयोग सुरू होण्याआधीच फसतो.

क्रम असा:

१. काळी कार्डं लावलेली. नर आपापल्या टँकमध्ये, सोबतीण तिच्या डब्यात, प्रेक्षक नळकांड्यात. दहा मिनिटं काही करू नका. प्रेक्षक तळाला चिकटून श्वास जोरात घेत असेल तर आणखी पाच मिनिटं द्या. तरीही हलली नाही तर तिला आजच्यापुरतं परत पाठवा.

२. दोन्ही कार्डं एकदम वर. आता दहा मिनिटं प्रेक्षक बघते. या वेळात तुम्हीही नरांकडे बघा. खरा प्रणय करणारा नर मादीच्या समोर येतो, सगळे पर ताणतो, अंग इंग्रजी एस अक्षरासारखं वाकवतो आणि त्याच अवस्थेत थरथरतो. हे एक-दोन सेकंद टिकतं. सोबतिणीकडच्या नराने दहा मिनिटांत असं एकदाही केलं नाही, तर चाचणी बाद. प्रेक्षकाला बघायला काही मिळालंच नाही.

३. दोन्ही डबे एकदम, हळू, सरळ वर. सोबतीण आता प्रेक्षकाला कुठूनही दिसता कामा नये. डबा टँकशेजारी टेबलावर ठेवून देणं ही नेहमीची चूक, आणि त्याने सगळी चाचणी वाया जाते.

४. एक मिनिट थांबा. नळकांडं वर. पहिले तीस सेकंद मोजू नका. त्यानंतर ६०० सेकंद वरून लावलेल्या मोबाइलने व्हिडिओ.

व्हिडिओवरून वेळ मोजणारी व्यक्ती वेगळी असावी आणि तिला सोबतीण कुठे होती हे माहीत नसावं. ही अट पाळायला काही खर्च नाही, आणि ती पाळली नाही तर रेघेवर रेंगाळणारी मादी नेहमी तुम्हाला हव्या त्या बाजूला मोजली जाते. डोकं रेघेच्या आत आलं की 'नराजवळ', असा एकच नियम ठेवा.

समजा एका चाचणीत सोबतीण उजवीकडे होती आणि प्रेक्षकाने उजवीकडे २९१ सेकंद, डावीकडे २१४, मधे ९५ असा वेळ काढला. दोन्ही नरांजवळचा वेळ मिळून ५०५, त्यात उजवीकडचा वाटा ५८ टक्के. ही चाचणी 'सोबतिणीकडे' धरायची. दोन्ही नरांजवळ मिळून १८० सेकंदही गेली नसेल, तर तिला निवडीत रस नाही. ती चाचणी मोजायची नाही, पण वहीत लिहायची. अशा किती गेल्या, हे निकालाबरोबर सांगावंच लागतं.

प्रत्येक चाचणीनंतर मुख्य टँकचं निदान अर्धं पाणी बदला. प्रेक्षक मादी एकदाच वापरायची.

मैत्रीण की नर? नियंत्रण-चाचण्या

वरचं सगळं अचूक केलं आणि २० पैकी १७ निकाल आला, तरी हाती फक्त एवढंच लागतं की मादी सोबतिणीच्या टोकाला गेली. खालच्या तीन चाचण्यांशिवाय पुढे जाऊ नका.

पहिली: दोन्ही टोकांना नर नाहीत, बाकी सगळं तसंच. सोबतीण एका टोकाला, तेवढाच वेळ, तशीच काढायची. प्रेक्षक फक्त मैत्रिणीची आठवण ठेवून त्या टोकाला जात असेल, तर नर नसतानाही ती तिकडे जाईल. नर नसताना निकाल अर्धा-अर्धा आणि नर असताना एकतर्फी आला, तर मैत्रिणीचा संशय बराच कमी होतो. डुगाट्किन यांनीही अशाच प्रकारे, टोकांना नरांऐवजी माद्या ठेवून, थव्याची ओढ तपासली होती.

दुसरी: दोन्ही टोकांना नर आहेत, पण सोबतीण नाही. दोन्ही डबे रिकामे उचलायचे. यातून टँकची बाजू कळते. वीस माद्यांपैकी पंधरा डावीकडे गेल्या, तर गडबड टँकमध्ये आहे. बहुतेक वेळा ती उजेडाची किंवा आरशाची असते. हे सगळ्यात आधी करा, मुख्य चाचणीच्याही आधी, म्हणजे दुरुस्त करायला वाव राहतो.

तिसरी, आणि आमच्या मते सगळ्यात बोलकी: सोबतीण काढल्यावर काळी कार्डं लावून नरांच्या जागा अदलाबदल करायच्या, मग कार्डं उचलून प्रेक्षकाला सोडायचं. तिने जागा लक्षात ठेवली असेल तर ती जुन्या टोकाला जाईल. नर लक्षात ठेवला असेल तर त्याच्यामागे नव्या टोकाला जाईल. नरांचे छोटे टँक चाकं लावलेल्या पाटावर ठेवले तर अदलाबदल अर्ध्या मिनिटात होते. तुलनेसाठी मुख्य चाचणीतही कार्डं तेवढाच वेळ लावा, नाहीतर फरक अदलाबदलीचा की अंधाराचा हे सांगता येणार नाही.

मत बदलतं का? आणि इथला मोठा सापळा

पुढची पायरी जास्त रंजक आहे. आधी प्रेक्षकाला दोन्ही नर दाखवून, सोबतिणीशिवाय, तिची आवड मोजायची. मग तिने नाकारलेल्या नराजवळ सोबतीण ठेवायची आणि आवड पुन्हा मोजायची. डुगाट्किन आणि गोडिन यांनी १९९२ मध्ये हे केलं आणि बऱ्याच माद्यांनी आपली आधीची निवड उलटवली.

सापळा असा: पहिल्या मोजणीत एका नराकडे ७० टक्के वेळ काढणारी मादी दुसऱ्या वेळी, काहीही न करता, ५५ टक्क्यांवर येऊ शकते. पहिल्या वेळचा काही भाग निव्वळ योगायोगाचा असतो, आणि आपण माद्यांना त्या योगायोगावरूनच 'याला पसंत केलं' अशी पाटी लावलेली असते. दुसऱ्या मोजणीत योगायोग ओसरतो आणि आकडा आपोआप मध्याकडे सरकतो. वहीत मात्र ते 'सोबतिणीमुळे मन बदललं' असं दिसतं.

यावर उपाय एकच. तितक्याच माद्यांचा दुसरा गट घ्या, त्यांचीही आवड दोनदा मोजा, मधे रिकामा डबा ठेवा. सोबतीण असलेल्या गटातला बदल आणि रिकाम्या डब्याच्या गटातला बदल यांची तुलना करा. वीस पैकी अकरा माद्यांनी निवड बदलली, हा आकडा एकटा निरर्थक आहे. रिकाम्या डब्याच्या गटात नऊ जणींनी बदलली असेल, तर काहीच सापडलेलं नाही.

आकडे

साध्या नक्कल-चाचणीसाठी नाणेफेकीचा हिशोब पुरतो, त्याला द्विपद चाचणी म्हणतात. योगायोगाने सोबतिणीकडे जाण्याची शक्यता निम्मी धरली, तर २० पैकी १७ किंवा त्याहून टोकाचा निकाल (दोन्ही दिशा धरून) ०.००२६ इतक्या शक्यतेने येतो. १५ आला तर ०.०४१. पण १४ आला तर ०.११५, म्हणजे नेहमीच्या ०.०५ या मर्यादेच्या वर, आणि योगायोग नाकारता येत नाही. दहाच माद्या असतील तर नऊ तरी सोबतिणीकडे जायला हव्यात, आठला ०.१०९ येतं. म्हणून दहा माद्यांवर थांबू नका. आणि निकाल बघत बघत, पाहिजे तो आकडा आला की थांबायचं, असंही करू नका. संख्या आधी ठरवा, वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

नक्कल दिसली नाही तर प्रयोग फसला, असं समजू नका. १९९६ आणि १९९७ मध्ये दुसऱ्या गटांनी गप्पींवर हा प्रयोग केला तेव्हा त्यांना नक्कल आढळली नव्हती. मासे कुठल्या ओढ्यातले, किती पिढ्या टँकमध्ये वाढलेले, नरांत फरक किती, यावर उत्तर बदलतं. महाराष्ट्रातल्या डबक्यांतले गप्पी तर अनेक ठिकाणांहून आलेल्या माशांचं मिश्रण असणार. त्यांचं उत्तर 'नाही' आलं तरी ते नीट लिहून ठेवण्याजोगं आहे.

याच टँकमध्ये पुढे

नराचं वागणंही सोबतीनुसार बदलतं, आणि त्यासाठी वेगळी उपकरणं लागत नाहीत. गास्पारिनी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की गप्पी नर शक्य असेल तेव्हा अशा मादीजवळ जातात, जिच्या आसपासचे नर आपल्यापेक्षा फिके आहेत. टँक उलटा वापरा: दोन्ही टोकांना एक-एक मादी, एकीशेजारी भडक नर, दुसरीशेजारी फिका, आणि मधे मोजायचा नर.

मॉली माशांत आणखी वेगळा प्रकार. अटलांटिक मॉलीचा नर दुसरा नर बघतोय असं कळलं की आपल्या आवडत्या मादीकडचं लक्ष कमी करतो. दुकानात मिळणाऱ्या काळ्या मॉलीवर हे करून बघायला हरकत नाही, पण टँक मोठा घ्या, तीन फुटी. काटेरी स्टिकलबॅक या माशात नर अंडी सांभाळतो आणि माद्या आधीच अंडी असलेल्या घरट्यालाच पसंती देतात. तोही एका अर्थी दुसरीचं पाहून घेतलेला निर्णयच, फक्त दुसरी मादी समोर हजर लागत नाही.

परवानगी आणि नंतरचे मासे

कॉलेजच्या प्रकल्पासाठी हा प्रयोग करत असाल, तर सुरू करण्याआधी प्राणी नीतिमत्ता समितीला आराखडा दाखवा. यात मासा कापायचा नसला तरी तो काही वेळ लहान जागेत एकटा राहतो, आणि त्याची नोंद हवी. डब्यात सोबतीण एका वेळी पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. एवढ्याशा पाण्यात उन्हाळ्यात प्राणवायू लवकर संपतो, मादी पृष्ठभागाला तोंड लावायला लागली की लगेच बाहेर काढा. तीच सोबतीण त्या दिवशी दुसऱ्यांदा वापरू नका.

प्रयोग संपल्यावर माद्या आणि नर एकत्र केले, तर दोन महिन्यांत तुमच्याकडे काही शे मासे होतील. वेगळेच ठेवा किंवा ओळखीच्या फिशटँकवाल्यांना द्या. नदीत, ओढ्यात, विहिरीत किंवा डोंगरावरच्या टाक्यात सोडू नका. गप्पी हा बाहेरून आलेला मासा आहे, कुठल्याही घाण पाण्यात तगतो, आणि आपल्या ओढ्यांतल्या लहान माशांची पिल्लं व अंडी खातो. तुमच्या टँकमधून गेलेली एकच लागलेली मादी, तिच्या साठवलेल्या शुक्राणूंवर, पुढचे कित्येक महिने एकटीने पिल्लं देऊ शकते.